वजनदार माणसं

“ह्येंका कित्याक हाडलंस?” बाबलकाकांनी मला विचारलं.

माझ्या पाठीमागे धक्क्यावर मी आणलेली तीन माणसं उभी होती. पहिले अण्णासाहेब वालावलकर, आमच्या हायस्कूलच्या संस्थेचे अध्यक्ष. अंगात पांढराशुभ्र कोट, हातात वेताची काठी. त्यांची घडीची खुर्ची माझ्या हातात होती. दुसरे सरपंच भाई रेडकर, कडक इस्त्रीच्या टोपीतले. तिसरे निवृत्त मुख्याध्यापक सामंतसर, दुपारी तीनच्या उन्हात गळ्याभोवती मफलर गुंडाळून. गावात काही हलायचं तर या तिघांना विचारून हलायचं, असा त्यांचा दबदबा. पण तब्येतीने तिघेही असे की तिघांना एकदम काट्यावर चढवलं असतं, तरी एकट्या इनास पाववाल्याची बरोबरी करताना मारामार झाली असती.

“तुमीच सांगलात ना,” मी म्हटलं, “येताना तीन वजनदार माणसा हाड म्हणान.”

बाबलकाकांनी डोळे मिटले. होडीत शिडाची दोरी धरून उभा असलेला दिगू शिंपी आधी नुसता थरथरला, मग मटकन खाली बसला आणि तोंडावर पंचा दाबून हसत सुटला.

आता थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या मुरवणे बंदरात दर वर्षी देवी सातेरीच्या जत्रेला शिडाच्या होड्यांची शर्यत होत असे. धक्क्यापासून निघायचं, खाडीच्या मुखाशी कासवाच्या पाठीसारखा खडक आहे त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. परतीला धक्क्याच्या अलीकडे पाण्यात एक बांबू रोवलेला, त्यावर लाल निशाण. जी होडी ते निशाण उपटेल ती पहिली. जाताना समुद्रावरचा वारा समोरून येतो, म्हणून आडवं-तिरपं, नागमोडी जावं लागतं. होडी एका कुशीवर कलते. ती सरळ ठेवायला वरच्या बाजूला वजन बसवावं लागतं, आणि प्रत्येक वळणावर ते वजन उठवून दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं. पूर्वी वाळूची पोती घेत. पण लोक परतीच्या वाटेवर पोती हळूच खाडीत सोडून द्यायला लागले, तेव्हा पंचांनी नियम केला: वजन माणसांचंच असेल, आणि जेवढी माणसं नेली तेवढी परत आणायची.

जिंकणाऱ्या तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, चांदीचा कप वगैरे काही नव्हतं. त्याला संध्याकाळी देवळासमोर साऱ्या बंदराच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान मिळायचा. त्याने एकेका होडीचं नाव घेऊन देवीकडे मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्यावर चार-पाचशे माणसांनी “होय म्हाराजा!” करून आवाज द्यायचा. बाबलकाकांच्या वडलांनी हा मान सात वेळा मिळवला होता. बाबलकाकांनी अठरा शर्यती केल्या, चारदा दुसरे आले, पहिले एकदाही नाही. आणि ही त्यांची शेवटची शर्यत होती. थोरल्या मुलाने इंजिन आणून पडवीत ठेवलं होतं. जत्रा आटोपली की होडीची डोलकाठी उतरणार होती, आणि इंजिनाच्या होडीला शर्यतीत घेत नसत.

मुलगे आणि पुतणे आधीच इंजिनाच्या होड्यांवर कामाला लागलेले. शिडाला हात लावायला त्यांना कमीपणा वाटे. म्हणून खलाशी कोण, तर आम्ही दोघे हौशी. दिगू शिंपी आणि मी. मी तीन वर्षं त्या हायस्कुलात हंगामी मास्तर होतो. दर रविवारी आम्ही दोघे बाबलकाकांबरोबर होडीत जायचो. ते आम्हाला शिकवायचे आणि आम्ही दर रविवारी नव्याने विसरायचो.

“काका, आता दुसरी माणसा खय गावतली?” मी म्हटलं. “पाच मिनटात शर्यत सुरू होता.”

बाबलकाकांनी बाजूच्या होडीकडे पाहिलं. ती केरू मेथराची. तिच्यात इनास पाववाला बसला होता आणि त्याच्या शेजारी जत्रेच्या जेवणाचे दोन आचारी. होडी तेवढ्याने वीतभर पाण्यात गेली होती. बाबलकाका मागे वळले. त्यांनी अण्णासाहेबांना हात दिला आणि म्हणाले, “येवा साहेब, संभाळून.”

“खुर्ची कुठे मांडायची?” अण्णासाहेबांनी विचारलं.

“होडीत खुर्ची नसता, साहेब.”

“म्हणूनच मी आणली,” अण्णासाहेब म्हणाले.

खुर्ची डोलकाठीला टेकवून मांडली. त्यावर अण्णासाहेब बसलेले पाहताच भाई रेडकर होडीत यायचे थांबले. या दोघांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. एस.टी.चा थांबा शाळेसमोर हवा की ग्रामपंचायतीसमोर, यावरून ते बिनसलं होतं. कोणीच मागे हटेना, तेव्हा एस.टी. दोन्हींच्या मधोमध, स्मशानाच्या फाटकाशी थांबायला लागली. तेव्हापासून दोघांना एकमेकांशी काही बोलायचं झालं, तर ते सामंतसरांमार्फत.

“सर,” भाई म्हणाले, “त्यांना सांगा, सरपंच उभा असताना खुर्चीवर बसणं शोभत नाही.”

“सर,” अण्णासाहेब म्हणाले, “त्यांना सांगा, त्यांनीही आणायची होती.”

सामंतसरांनी दोन्ही निरोप शब्दशः पोचवले. चाळीस वर्षं शिकवलेला माणूस, त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तेवढ्यात धक्क्यावर बार उडाला, सहाही होड्या सुटल्या आणि भाईंना अक्षरशः उडी मारून आत यावं लागलं.

पहिल्याच वळणावर खुर्ची गेली. होडी कलली, अण्णासाहेब वेळेवर डोलकाठीला बिलगले आणि खुर्ची घरंगळत जाऊन पाण्यात पडली. “मास्तर, खुर्ची!” ते ओरडले. मी एक पाय होडीबाहेर टाकलासुद्धा. दिगूने मागून धोतराचा सोगा धरला म्हणून वाचलो, नाहीतर खुर्चीसाठी जीव दिलेला पहिला हंगामी शिक्षक म्हणून माझा फोटो शाळेत लागला असता.

“डाव्या अंगाक सरका!” बाबलकाका सुकाणूवरून ओरडले. “सगळ्यांनी!”

“कोणाला म्हणताय?” अण्णासाहेबांनी मागे वळून विचारलं.

“सर, विचारा,” भाई म्हणाले, “हा हुकूम कोणाच्या अधिकारात?”

अण्णासाहेब नाइलाजाने डावीकडे सरकले. ते तिकडे गेले म्हणून भाई उजवीकडे गेले. सामंतसर निरोप्याच्या जागी, बरोबर मधे. म्हणजे असलं नसलं वजनही फुकट. होडी इतकी कलली की उजव्या काठावरून पाणी आत आलं आणि भाईंचे कोल्हापुरी जोडे तरंगायला लागले. पाच होड्या आमच्या पुढे गेल्या. केरूची सगळ्यांत पुढे, एखाद्या चौथऱ्यासारखी ठाम. इनासने जाता जाता आम्हाला हात केला.

मी बाबलकाकांकडे पाहिलं नाही. ते विनवायला लागले होते. “साहेबानू, पाया पडतंय, एका अंगाक बसा. माझी ही शेवटची शर्यत.” तीन वर्षं त्या माणसाने खलाशांवर कडाडून आवाज टाकलेला मी ऐकला होता. विनवताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

आणि मग दिगू उठला. दिगूने गावातले सगळे कोट शिवले होते आणि गावातल्या प्रत्येक समारंभात माइकपाशी तोच असायचा. त्याने दोरी पायात दाबली, घसा साफ केला आणि त्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाला, “मान्यवरांना नम्र विनंती! आजचं व्यासपीठ होडीच्या डाव्या बाजूला करण्यात आलं आहे. कृपया मान्यवरांनी स्थानापन्न व्हावं!”

भाई एका उडीत डावीकडे आले. अण्णासाहेब तिथे होतेच, ते तसूभर हटेनात. सामंतसर आपली जागा शोधत त्यांच्या पलीकडे टेकले. व्यासपीठ दुसऱ्याला सोडायचं नाही म्हणून दोघे खांद्याला खांदा लावून असे दाटून बसले की त्यांचं वजन दुप्पट झाल्यासारखं वाटलं. होडी सरळ झाली. शीड फुगलं. बाबलकाका सुकाणूवर उभे राहिले.

“दिग्या,” ते हळूच म्हणाले, “चालू ठेव.”

पुढच्या वळणावर दिगूने जाहीर केलं, “काही अपरिहार्य कारणास्तव व्यासपीठ उजव्या बाजूला हलवण्यात येत आहे!” तिघे धोतरं सावरत शिडाखालून वाकून असे धावले, की तरण्या खलाशांनी मान खाली घालावी. सगळ्यांत आधी कोण पोचतो याची चुरस लागली. त्यापुढचं वळण आलं, तेव्हा सामंतसरांनी प्रास्ताविकाला सुरुवात केली होती. “आजच्या या मंगल प्रसंगी...” एवढं होईस्तोवर व्यासपीठ बदलायचं. ते दुसऱ्या बाजूला बसून पुन्हा “आजच्या या मंगल प्रसंगी” पासून सुरू करायचे. वारा जोरात आला की दिगू म्हणायचा, “टाळ्या!” दोघे मान्यवर मागे रेलून टाळ्या वाजवायचे आणि होडी आणखी सरळ व्हायची. खडकाला वळसा घालेपर्यंत आम्ही तीन होड्या मागे टाकल्या.

परतीला वारा पाठीवर होता आणि वळणं संपली होती. पण ऊन उतरलं तसा वाराही पडत चालला. आणि इथे एक गंमत झाली, जी बाबलकाकांना कळली आणि आम्हाला कळायला थोडा वेळ लागला. मंद वाऱ्यात जड होडी जागची हलत नाही, हलकी होडी फुंकरीवर चालते. जाताना ज्यांचं वजन कामी आलं, ते आता पाण्यात रुतून बसले. आमच्या होडीत तर पूर्ण गाव चालवणारी तीन माणसं होती आणि तिघांचं मिळून वजन भाताच्या दोन पोत्यांएवढं. आम्ही एक होडी मागे टाकली. मग केरूची दिसायला लागली.

“इनास, पोवाक येता मां?” केरू ओरडत होता. “मार उडी!”

“आत्ताच जेवलंय!” इनास म्हणाला.

“माणसा जेवढी नेली तेवढीच परत होयी!” दिगूने त्याला नियम ऐकवला.

आम्ही त्याच्या बाजूने पुढे गेलो. एकाही होडीचं शीड आता आमच्या पुढे नव्हतं. समोर फक्त बांबू, त्यावरचं लाल निशाण आणि धक्क्यावर जमलेलं गाव. मी नाळेवर, होडीच्या अगदी टोकाला गेलो. तांडेलाला सुकाणू सोडता येत नाही, म्हणून निशाण नाळेवरच्या माणसाने उपटायचं असतं.

मागे बारीक आवाज येत होता. मला वाटलं, सामंतसरांचं प्रास्ताविक. पण ते बाबलकाका होते. सुकाणू काखेत धरून, डोळे बांबूवर ठेवून ते स्वतःशी पुटपुटत होते, “बा सातेरी माये, ह्या बंदरातली केरूची होडी, भिक्याची होडी, दत्ताची होडी...” ते गाऱ्हाणं घोकत होते. पासष्ट वर्षांचा माणूस, परीक्षेआधी पोरं घोकतात तसा.

“मास्तर.”

अण्णासाहेब माझ्या मागे येऊन उभे होते. एका हाताने शिडाची दोरी धरलेली, दुसऱ्याने कोट सारखा करत.

“थांबा. निशाण मी काढतो. धक्क्यावर फोटोग्राफर आहे.”

मी निशाणाकडे हात लांब केलेलाच होता.

“तुमची कायम करण्याची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे,” ते म्हणाले, सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. “सोमवारी सही करीन म्हणतो.”

“उपट रे!” मागून बाबलकाका ओरडले. “मास्तरा, उपट!”

बांबू माझ्या छातीसमोर आला. निशाणाचं टोक माझ्या बोटांना लागलंसुद्धा. नुसती मूठ मिटायची होती.

मी हात मागे घेतला आणि अण्णासाहेबांना वाट करून दिली.

ते पुढे वाकले, तेवढ्यात भाईंनी मागून त्यांचा कोट धरला. “ते निशाण ग्रामपंचायतीचं आहे!” दोन वर्षांत त्यांनी अण्णासाहेबांना उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. “सोडा कोट!” हे अण्णासाहेबांचं पहिलं. सामंतसर या दोघांच्या मधे काय करावं ते न कळून उभे राहिले, कारण आता निरोप द्यायची गरजच उरली नव्हती. कोट फाटला, अण्णासाहेब खाली बसले आणि बांबू होडीच्या कडेने मागे मागे गेला. बाबलकाकांनी सुकाणू सोडून हात लांब केला. निशाण चार बोटांनी हुकलं.

पाठीवर वारा घेतलेली होडी चार हात मागे येत नाही. मागून केरूची होडी संथपणे आली. इनासने बसल्या जागेवरून हात वर केला आणि फळीवरचा पाव काढावा तसं निशाण काढून घेतलं.

धक्क्यावर काय हसणं झालं ते विचारू नका. अण्णासाहेब आणि भाई हातघाईवर आलेले सगळ्या गावाने पाहिले आणि गाव वर्षभर त्यावर जगलं. संध्याकाळी केरू मेथराने गाऱ्हाणं घातलं. मी गर्दीत बाबलकाकांच्या मागे उभा होतो. प्रत्येक मागण्याला त्यांनी “होय म्हाराजा!” केलं, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. सोमवारी माझ्या ऑर्डरवर सही झाली. मंगळवारी बाबलकाकांच्या होडीची डोलकाठी उतरली.

त्यानंतर ही गोष्ट गावात सांगायला सुरुवात कोणी केली असेल, तर ती खुद्द बाबलकाकांनी. दिगूच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर, कोणाच्या लग्नात. “मी सांगलंय, वजनदार माणसा हाड. मास्तर बापडो साधो! गावातली वजनदार म्हणान थेट अध्यक्षाकच घेवन इलो!” लोक पोट धरून हसत. मीही हसायचो. पण नाळेवर माझा हात मागे आला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या गोष्टीत तिथे दरवेळी वारा यायचा आणि होडी पुढे ढकलायची. दिगूने पाहिलं होतं, तोही गप्प राहिला.

आणि गोष्टीचा पहिला भागही खरा नव्हता. ते तर फक्त मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. वजनदार म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं होतं. मी सकाळीच इनासकडे जाऊन आलो होतो. तो आणि ते दोन आचारी, तिघे तयार होते. येताना वाटेत अण्णासाहेब भेटले आणि सहज म्हणाले, “शर्यत बघायला कुठून बरं दिसेल हो, मास्तर?” तीन वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदाच हसून बोलत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “होडीतच या की, साहेब.” मग एकट्या अध्यक्षांना नेलं तर सरपंच बिथरतील, म्हणून सरपंच. दोघांत बोलणं नाही, म्हणून सर. आणि इनासला मी निरोप पाठवला, तुमची गरज नाही. तिघे रिकामे झाले, ते केरूने उचलले. बाबलकाकांचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्याच शब्दाच्या आड लपायचं एका क्षणात सुचलं. मूर्ख ठरणं फार स्वस्त पडतं, हे मला तेव्हा कळलं.

सोळा वर्षांनी मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक झालो. पेढे घेऊन पहिला बाबलकाकांकडे गेलो. ते पडवीत बसून जाळं विणत होते. ऐंशी उलटलेली, नजर अधू झालेली, पण बोटं चालत होती. मी पाया पडलो आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं.

“काका, त्या दिवशी माका तुमचो शब्द बरोबर कळललो. मी जाणूनबुजून त्येंका हाडलंय.”

“म्हायत हा,” ते म्हणाले. जाळ्यातली सुई थांबली नाही. “इनासान दुसऱ्याच दिसा सांगल्यान. आणि तुझो हात मागे गेलेलो, तो मी बघललंय. तेवा डोळे बरे होते माझे.”

मी विचारलं, “मगे इतकी वर्षा लोकांका माका येडो करून कित्याक सांगलात?”

त्यांनी सुई खाली ठेवली आणि माझ्या दिशेने तोंड केलं.

“मगे काय सांगू? येडो मास्तर गावाक चलता. लबाड मास्तराकडे पोरा कोण धाडतला?”

मी मान खाली घातली. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. बाबलकाकांनी चाचपत पुड्यातला पेढा घेतला, तोंडात टाकला, बराच वेळ चघळला.

“बरो हा,” ते म्हणाले. “आणखी एक दी.”